दहा सेकंद मागितले, तेहतीस मिलिसेकंद मिळाले: रास्पबेरी पाय कॅमेऱ्याबरोबर अंधारातले आठ महिने

गच्चीवर एक डबा आहे. आत रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक, त्याला जोडलेला त्याचाच एचक्यू कॅमेरा, वर ॲक्रिलिकचा पारदर्शक घुमट. तोंड सरळ आकाशाकडे. अंधार पडला की फोटो सुरू, उजाडलं की बंद. आठ महिने हे चाललंय. त्यातले पहिले दोन माझ्या चुका निस्तरण्यात गेले, म्हणून आधी चुकांबद्दलच लिहितो.

एचक्यू कॅमेराच का, ते थोडक्यात सांगतो. २०२० साली आलेल्या या मॉड्यूलमध्ये सोनीचा आयएमएक्स ४७७ सेन्सर आहे, १२.३ मेगापिक्सेलचा. मेगापिक्सेलचं मला फारसं कौतुक नाही, पिक्सेलच्या आकाराचं आहे. रास्पबेरी पायच्याच जुन्या व्ही२ कॅमेरा मॉड्यूलचा पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा, याचा १.५५ चा. क्षेत्रफळ काढलं तर जवळपास दुप्पट. शिवाय व्ही२ ची लेन्स एफ २ ची (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) आणि बदलता न येणारी, तर इथे मी ६ मिलिमीटरची एफ १.२ लेन्स लावली आहे. दोन्ही मिळून एका पिक्सेलला साधारण पाचपट प्रकाश मिळतो. २०२३ चं कॅमेरा मॉड्यूल ३ सुद्धा रात्री वाईट नाही. त्यात ११२ सेकंदांपर्यंत एक्सपोजर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, देता येतं. पण त्याची लेन्स बदलता येत नाही आणि ऑटोफोकस अंधारात नुसता पुढे-मागे चाचपडत राहतो. ते वापरणार असाल तर फोकस मॅन्युअल करून लेन्सची जागा शून्यावर, म्हणजे अनंतावर, ठेवा.

पहिल्या रात्रीचा फोटो म्हणजे धुक्यात कापूस. कारण हास्यास्पद निघालं. कॅमेऱ्यावर सी माउंटच्या (लेन्स बसवण्याची एक पद्धत) लेन्ससाठी ५ मिलिमीटरची एक रिंग आधीच बसवलेली येते. माझी लेन्स सीएस माउंटची, तिला ती रिंग नको असते. मी ती काढलीच नव्हती. ६ मिलिमीटरच्या लेन्सला ५ मिलिमीटर मागे ढकललं की समोरच्या दीड-एक सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, तारे कुठले? रिंग काढली, दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात लांबच्या टॉवरवर फोकस केला, लॉकचा स्क्रू घट्ट केला. रात्री एक ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून केसभर फरक केला. त्यानंतर फोकसला हात लावलेला नाही.

दुसरी चूक मात्र दोन रात्री खाऊन गेली. पायकॅमेरा२ ही कॅमेऱ्याची लायब्ररी वापरून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली होती. एक्सपोजर मायक्रोसेकंदांत द्यायचं असतं, म्हणून एक्सपोजरटाइममध्ये १,००,००,००० घातले, म्हणजे दहा सेकंद. फोटो काळाकुट्ट आला. गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा, १६ केला, तर काळ्याऐवजी दाणेदार काळा आला. रिबन केबल काढून पुन्हा बसवली, लेन्सचं झाकण तर राहिलं नाही ना तेही बघून आलो. शेवटी फोटोबरोबर येणारा मेटाडेटा, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या सेटिंगची नोंद, छापून पाहिला. एक्सपोजर तेहतीस हजारांच्या आसपास! दहा सेकंद मागितले होते, मिळाले तेहतीस मिलिसेकंद, आणि कुठे एरर म्हणून नाही.

झालं असं होतं, की मी कॅमेरा व्हिडिओच्या कॉन्फिगरेशनमध्ये सुरू केला होता. त्यात फ्रेमचा कालावधी सेकंदाला ३० फ्रेम्सच्या हिशेबाने बांधलेला असतो, आणि एका फ्रेमचं एक्सपोजर त्या फ्रेमपेक्षा लांब असूच शकत नाही. मागणी कितीही मोठी असो, मुकाट्याने छाटली जाते. व्हिडिओसाठी हे बरोबरच आहे. उपाय सोपा: स्टिलचं, म्हणजे एकेका फोटोचं, कॉन्फिगरेशन घ्या, किंवा फ्रेमड्युरेशनलिमिट्स या सेटिंगची वरची मर्यादा एक्सपोजरपेक्षा मोठी ठेवा. त्या दिवसापासून एक सवय लागली. काय मागितलं हे मी बघत नाही, काय मिळालं ते मेटाडेटात बघतो. अंधारातल्या माझ्या बहुतेक तक्रारी सेन्सरच्या नव्हत्याच. माझ्या वतीने परस्पर घेतल्या गेलेल्या निर्णयांच्या होत्या.

याच सवयीने तिसरी रात्र घालवली, तेही ऐका. नवीन एक्सपोजर दिलं की ते लगेच लागू होत नाही, मधल्या काही फ्रेम्स जुन्याच सेटिंगच्या येतात. दिवसा कळतही नाही, पण दहा-वीस सेकंदांच्या फ्रेम्स असल्या की मिनिटा-दोन मिनिटांचा प्रश्न होतो. म्हणून स्क्रिप्टला सांगितलं: मेटाडेटातलं एक्सपोजर मागितलेल्याइतकं होईपर्यंत फ्रेम्स टाकून दे. आणि तुलना केली बरोबरच्या चिन्हाने. सेन्सर वेळ मोजतो ओळींच्या हिशेबात, त्यामुळे आकडा मागे-पुढे थोडा हलतोच, तंतोतंत जुळणं नशिबाचा भाग. स्क्रिप्ट रात्रभर इमानदारीत फ्रेम्स टाकत बसली. सकाळी फोल्डर रिकामं. आता दोन टक्क्यांचा फरक चालवून घेतो.

कमांड लाइनवरून काम भागत असेल तर हे सगळं सोपं आहे. आरपीआयकॅम-स्टिल या फोटो काढणाऱ्या कमांडला शटर, गेन आणि रंगांचे दोन गेन स्वतः द्या, आणि इमिजिएट हा पर्याय जोडा. तो नसेल तर आधी प्रीव्ह्यू चालतो आणि त्याच्या फ्रेम्ससुद्धा तेवढ्याच लांब होतात, एका फोटोसाठी ताटकळत बसावं लागतं. रास्पीस्टिल सांगणारे लेख सरळ सोडून द्या, ती जुनी यंत्रणा केव्हाच गेली. लिबकॅमेरा-स्टिल असं नाव दिसलं तर ते आरपीआयकॅम-स्टिल समजा, रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नाव बदललंय.

रंगांचं म्हणाल तर ऑटो व्हाइट बॅलन्स रात्री पूर्ण भरकटतो. काळ्या आकाशात पांढरं काय हे तो शोधणार कशावरून? एक फ्रेम जांभळट, पुढची हिरवट, आणि टाइमलॅप्स केला की डिस्को. दिवसा पांढरा कागद धरून लाल आणि निळ्याचे आकडे काढले आणि कायमचे गोठवले. डीनॉइज बंद ठेवतो, कारण ते दाण्यांबरोबर बारीक तारेही पुसतं.

बारीक ताऱ्यांवरून आठवलं. डीनॉइज बंद करूनही काही अंधुक तारे एका फ्रेममध्ये दिसायचे, पुढच्यात गायब. आयएमएक्स ४७७ मध्ये सेन्सरच्या आतच सदोष पिक्सेल दुरुस्त करण्याची सोय आहे. शेजाऱ्यांपेक्षा एकटाच उजळ दिसणारा पिक्सेल तो खराब समजून झाकतो. दिवसाच्या फोटोला हे वरदान, पण टाचणीच्या टोकाएवढा तारासुद्धा तसाच दिसतो ना! ड्रायव्हरचा डीपीसी_एनेबल हा पॅरामीटर शून्य केला की हे थांबतं. त्याबरोबर खरे हॉट पिक्सेल्सही (अंधारातसुद्धा उजळ दिसणारे) उघडे पडतात, म्हणजे डार्क फ्रेम काढणं आलंच. लेन्सवर झाकण, तेच एक्सपोजर, तोच गेन, शक्यतो तेच तापमान, असे १६ फोटो घेऊन सरासरी, आणि ती प्रत्येक फोटोतून वजा. तापमानाचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. डब्यातला पाय तापला की सेन्सर तापतो आणि लाल-निळे ठिपके भराभर वाढतात. सेन्सरचं तापमान मेटाडेटात मिळतं, त्यामुळे मी आता दर पाच अंशांना एक अशी डार्क फ्रेम्सची जंत्रीच करून ठेवली आहे.

एक्सपोजर किती द्यायचं याचा हिशेब मला फार आवडला. सेन्सर ६७० सेकंदांपर्यंत थांबू शकतो, पण पृथ्वी थांबत नाही. आकाश सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. ६ मिलिमीटरच्या लेन्सवर १.५५ मायक्रॉनचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे ५३ विकला. म्हणजे साडेतीन सेकंदांत तारा एक पिक्सेल ओलांडतो, २० सेकंदांत साडेपाच. पूर्ण रिझोल्यूशनला ती रेघ दिसते. म्हणून मी चार पिक्सेल एकत्र करणारा २०२८ बाय १५२० चा मोड वापरतो. रेघ अर्धी होते, दाणेही कमी होतात. गेन ८ च्या वर नेत नाही. ॲनालॉग गेन २२ पर्यंत जातो, पण गेन प्रकाश आणत नाही, आलेला प्रकाश फुगवतो, आणि ठळक तारे पांढरेफटक होऊन त्यांचा रंग जातो. त्यापेक्षा १६ फ्रेम्स एकावर एक जुळवा, दाणे चौथ्या हिश्श्यावर येतात.

रॉ फाइल्सच्या, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा जसाच्या तसा ठेवण्याच्या, मोहात मीही पडलो. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या, जेपेगच्या फक्त २५६, त्यामुळे सावल्यांत फरक स्पष्ट दिसतो. पण पूर्ण रिझोल्यूशनची एक डीएनजी (म्हणजे रॉ फाइल) वीसेक एमबीची, दहा तासांच्या रात्रीत २० सेकंदांच्या १८०० फ्रेम्स. ६४ जीबीचं कार्ड दुसऱ्याच रात्री गच्च भरलं. आता रात्रभर जेपेग, आणि उल्कावर्षावाच्या रात्री तेवढे चार तास रॉ.

डब्याच्या दोन गोष्टी. एका फोटोत आकाशाच्या कडेला लालसर कमान दिसली आणि मी क्षणभर हुरळून गेलो. ते पायच्या पॉवर एलईडीचं घुमटातलं प्रतिबिंब होतं. काळी टेप लावली, कमान मावळली. दुसरी गोष्ट दंवाची. मध्यरात्रीनंतर घुमट आतून-बाहेरून घामेजायचा. कडेने रेझिस्टर्सची माळ लावून घुमट हवेपेक्षा जरासा उबदार ठेवतो. जास्त ऊब दिली की सेन्सर तापतो, कमी दिली की दंव. सध्या हवेतली आर्द्रता बघून माळ चालू-बंद होते.

इन्फ्रारेड फिल्टर काढावा का, हे मला सारखं विचारलं जातं. आकाशासाठी मी काढलेला नाही. एचक्यू कॅमेऱ्याचा फिल्टर एकदा निघाला की नीट परत बसत नाही आणि दिवसाचे रंग कायमचे गुलाबी होतात. रात्री बागेतले प्राणी टिपायचे असतील तर सरळ नोआयआर, म्हणजे इन्फ्रारेड फिल्टर नसलेलं, मॉड्यूल घ्या आणि इन्फ्रारेड दिवा लावा. ८५० नॅनोमीटरचा दिवा मंद लाल चमकताना दिसतो, ९४० चा दिसत नाही, पण सेन्सरलाही तो कमीच दिसतो. फोकस त्याच प्रकाशात करा, दिवसाच्या उजेडातला तिथे जुळत नाही.

अजून न सुटलेलं प्रकरण म्हणजे पहाट. २० सेकंदांपासून मिलिसेकंदाच्या अंशापर्यंत एक्सपोजर उतरवायचं असतं, आणि ऑटोवर टाकलं की फ्रेम्स गचके खात येतात. सध्या मागच्या फ्रेमची सरासरी उजळी बघून एका वेळी फार तर १५ टक्के उतरतो. गेन आधी एकवर आणतो, मग शटर. संध्याकाळी हे छान चालतं. पहाटे लांब फ्रेम संपेपर्यंत आकाश पुढे निघून गेलेलं असतं आणि पाच-सहा फ्रेम्स पांढऱ्या होतात. पुढचा प्रयोग सूर्याची उंची मोजून उतरण आधीच सुरू करण्याचा आहे. स्क्रिप्ट अर्धी झाली आहे.