नो-कोड ऑटोमेशनवर अभ्यासिकेचे मेल: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या अभ्यासिकेतल्या फी थकलेल्या मुलांना आठवणीचा एकच मेल तीनदा गेला. त्यातला एक मुलगा नांदेडचा. घरून पैसे यायला उशीर होतोय म्हणून आदल्याच संध्याकाळी त्याने माझ्याकडे दोन दिवस मागून घेतले होते आणि मी हो म्हटलं होतं. तासाभरात तीन तगादे बघून तो खाली आला. भांडला नाही. "मॅडम, तुम्ही हो म्हणाला होता ना?" एवढंच विचारलं. हे मेल आपोआप पाठवणाऱ्या नो-कोड प्लॅटफॉर्मचा, म्हणजे कोड न लिहिता अशी कामं जोडून देणाऱ्या सेवेचा, हा रिव्ह्यू मी त्या प्रश्नामुळे लिहितेय.

सदाशिव पेठेत आमची शंभरेक जागांची अभ्यासिका आहे. बहुतेक मुलं एमपीएससीची. जागा, फी, लॉकर हे सगळं पूर्वी वहीत होतं, मग एक्सेलमध्ये आलं, आता सुपाबेसवर आहे, म्हणजे क्लाउडवरचा पोस्टग्रेस डेटाबेस. आमच्या नोंदी आयुष्यभर साठवल्या तरी फुकटच्या ५०० एमबीत बसतील. आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर फुकट प्रोजेक्ट थांबवून ठेवतात, पण आमची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे यादीची मागणी, रोज चालते, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. मेल जातो जीमेलवरून. साध्या खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, तीही आम्हाला पुरून उरते. व्हॉट्सअ‍ॅप का नाही, असं बरेच जण विचारतात. अधिकृत मार्गाने पाठवायचं तर टेम्प्लेट मंजूर करून घ्या, वर मेसेजमागे पैसे मोजा. शिवाय हॉलतिकिटापासून सगळं मेलवरच येत असल्याने आमची मुलं मेल रोज उघडतात.

या दोन्हींच्या मधला जो नो-कोड प्लॅटफॉर्म आहे, त्याचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. पावती! फी जमा झाल्याची ओळ टेबलात पडली की सुपाबेसचा डेटाबेस वेबहूक (नोंद होताच बाहेर निरोप धाडणारी सोय) प्लॅटफॉर्मला कळवतो, आणि काही सेकंदांत मुलाला आणि त्याने दिलेल्या घरच्या पत्त्यावर पावती जाते. दर पंधरा मिनिटांनी 'नवीन ओळ आली का' बघणारा ट्रिगरही मिळतो, पण वेबहूक असताना तो कशाला वापरायचा? गावाकडून यूपीआय करणाऱ्या वडिलांचे "पैसे पोचले का, पोराने भरले का" असे फोन यायचे, ते जवळजवळ बंद झाले. काउंटरवर मी नोंद करते आणि समोर उभ्या मुलाच्या फोनवर पावती वाजते, हे बघून मला आजही बरं वाटतं. एवढ्यासाठी महिन्याचे पैसे द्यायला माझी तक्रार नव्हती. वर्षाचे एकदम भरले की स्वस्त पडतं, म्हणून वर्षाचे भरले.

जोडणी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२४ च्या सुरुवातीपासून सुपाबेसचा थेट पत्ता आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर गेला आहे आणि बरेच ऑटोमेशनवाले अजून जुन्या आयपीव्ही४ वरच आहेत. त्यामुळे कनेक्ट होत नाही म्हणून पासवर्ड बदलत बसू नका, पूलरचा, म्हणजे सुपाबेसनेच दिलेल्या मधल्या जोडणीचा, पत्ता घ्या.

आता आठवणीचा मेल. प्लॅटफॉर्मच्या तयार टेम्प्लेटमध्ये क्रम असा आहे: सकाळी ठरल्या वेळी सुरू व्हायचं, थकबाकीदारांची यादी आणायची, प्रत्येकाला मेल पाठवायचा आणि सगळ्यात शेवटी डेटाबेसमध्ये 'आठवण दिली' अशी नोंद करायची. त्या दिवशी मेल सगळे गेले. शेवटच्या नोंदीच्या वेळी डेटाबेसचं कनेक्शन टाइमआउट झालं. 'आपोआप पुन्हा प्रयत्न' हा पर्याय त्यांच्याकडे मुळातच चालू असतो आणि तो अडलेल्या पायरीपासून सुरू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतो. नोंद झालेली नाही म्हणजे यादी तीच, म्हणून मेल पुन्हा गेले. पुन्हा टाइमआउट, पुन्हा मेल. इतिहासाच्या पानावर तिन्ही फेऱ्यांत मेलची पायरी हिरवी आणि शेवटची लाल दिसते, स्क्रीनशॉट ठेवलेत. या सोयीचं वर्णन त्यांनी 'तुमचा एकही मेल चुकणार नाही' असं केलंय. फी मागणाऱ्या माणसाला चुकलेल्या मेलपेक्षा दोनदा गेलेला मेल जास्त महाग पडतो, हे टेम्प्लेट बनवणाऱ्याला कळायला हवं होतं.

वर त्या तिन्ही फेऱ्या आमच्या कोट्यातून, म्हणजे प्लॅनमध्ये मिळणाऱ्या कामांच्या संख्येतून, कापल्या. प्रत्येक मेल एक, प्रत्येक नोंदीचा प्रयत्न एक. मोजणीची ही पद्धत घेण्याआधीच नीट वाचा, कारण ती प्रत्येकाची वेगळी असते. झॅपियर आणि एन-एट-एन हे याच प्रकारचे प्लॅटफॉर्म. झॅपियर प्रत्येक यशस्वी कृतीला एक टास्क धरतं. एन-एट-एनच्या क्लाउडवर अख्ख्या वर्कफ्लोची (सगळ्या पायऱ्या मिळून) एक फेरी म्हणजे एक एक्झिक्युशन, मग आत चाळीस मेल असोत की चार. चाळीस मुलांना मेल आणि चाळीस नोंदी म्हटलं तर एकीकडे ऐंशी आणि दुसरीकडे एक. आमच्यासारख्या यादीवाल्यांना हा फरक दर महिन्याला दिसतो.

सपोर्टला लिहिलं, तर आधी मदतीच्या पानाची लिंक आली. स्क्रीनशॉट पाठवले, तर 'वर्कफ्लो तुमच्या सेटिंगप्रमाणे चालला' असं उत्तर आलं. सेटिंग तुमचं, टेम्प्लेट तुमचं, आणि मोजणी आमच्या खात्यावर? हे मी स्पष्ट लिहून पाठवलं.

इथवर लिहून झालं होतं आणि काल त्यांचा मेल आला. वाया गेलेला कोटा परत दिलाय, आणि टेम्प्लेटबद्दलची तक्रार पुढे पाठवलीय म्हणतात. कोटा खात्यात दिसतोय. म्हणून 'कुणीही घेऊ नका' असं वर एक वाक्य होतं, ते काढलं. टेम्प्लेट मात्र आज सकाळी उघडून पाहिलं, क्रम तोच आहे.

दुरुस्ती प्लॅटफॉर्ममध्ये झालीच नाही, डेटाबेसमध्ये झाली. 'आठवणी' नावाचं वेगळं टेबल केलं. विद्यार्थी क्रमांक, महिना आणि प्रकार, या तिघांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तेच तिन्ही असलेली दुसरी ओळ डेटाबेस घेतच नाही. आता मेलच्या आधी ओळ टाकायची, 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (तशी ओळ आधीच असेल तर काही करू नको) लावून, आणि 'रिटर्निंग'मध्ये, म्हणजे डेटाबेसने परत दिलेल्या यादीत, ज्या ओळी खरोखर नव्याने पडल्या तेवढ्यांनाच मेल. फेरी दहा वेळा चालली तरी दुसऱ्यांदा ओळ पडतच नाही, म्हणजे मेलही जात नाही. यात तोटा एवढाच की ओळ पडली आणि मेलच अडला, तर तो मुलगा सुटतो. त्यासाठी 'गेला' असा एक रकाना ठेवलाय, मेल गेल्यावर तो भरतो. संध्याकाळी रिकामे राहिलेले मी डोळ्यांनी बघते आणि त्या मुलाशी समोरासमोर बोलते. ज्याने मुदत मागितलीय त्याची तारीख याच टेबलात टाकते, मग त्या तारखेपर्यंत यादीत त्याचं नाव येत नाही. नांदेडच्या मुलाला हे स्क्रीनवर दाखवलं.

वेळेचंही सांगते. प्लॅटफॉर्मवर भारतीय वेळ निवडता येते, पण क्वेरी डेटाबेसमध्ये चालते आणि तिथलं घड्याळ यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. पाचची वेळ लावली तर एक तारखेलाही मागचाच महिना मोजला जातो. तारीख काढताना 'अ‍ॅट टाइम झोन एशिया/कोलकाता' लिहा, किंवा सरळ आठची वेळ लावा.

वर्षाचे पैसे भरलेत, त्यामुळे पावत्या मुदत संपेपर्यंत इथेच ठेवणार. त्या कामाला तक्रार नाहीच. आठवणीचे मेल मात्र भावाच्या सर्व्हरवर एन-एट-एन बसवून तिकडे नेतेय. स्वतः बसवलं तर फेऱ्यांची मोजदाद नाही, फक्त सर्व्हर सांभाळायचा.

तुम्ही कुठलाही प्लॅटफॉर्म घेणार असाल, तर चाचणीच्या मुदतीत एवढं करा. यादीत फक्त स्वतःचा पत्ता ठेवा, शेवटच्या पायरीत रकान्याचं नाव मुद्दाम चुकीचं लिहा, वर्कफ्लो चालू करा आणि तासाभराने इनबॉक्समध्ये किती मेल आलेत ते मोजा. मग कोट्याचं पान उघडून त्याचे किती कापले तेही बघा. वार्षिक प्लॅनचे पैसे त्यानंतरच भरा.