कासवाच्या टेबलासाठी घेतलेला दिवे आणि उबेचा संच: एका पूर्ण हिवाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात लीड्समधील आमच्या घरी हॉर्सफील्ड जातीचे कासव आले आणि त्याच्या चार फुटी लाकडी टेबलासाठी (म्हणजे वरून उघड्या, कडा असलेल्या लाकडी पेटीसाठी) मी एका ऑनलाइन दुकानातून तयार संच मागवला. त्यात रिफ्लेक्टरसह 39 वॅटची, बारा टक्के यूव्हीबी (उन्हातली एक प्रकारची अतिनील किरणे) देणारी टी-5 ट्यूब, 100 वॅटचा हॅलोजन फ्लड दिवा, चिनी मातीचा होल्डर आणि थर्मोस्टॅट होते. संचाची किंमत कासवापेक्षा जास्त भरली, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण कासवाच्या बाबतीत मसाल्यावाचून भागत नाही, हे ज्यांनी ते पाळले आहे त्यांना सांगायला नको.

पहिली कटकट थर्मोस्टॅटची झाली. संचात आलेला थर्मोस्टॅट नुसता चालू-बंद करणारा होता. सिरॅमिक हीटरला प्रकाश नसतो, म्हणून त्याला असा थर्मोस्टॅट एक वेळ चालून जातो. पण उजेड देणाऱ्या दिव्याला तो जोडला की 35 अंश झाले की दिवा विझतो, तापमान थोडे उतरले की पुन्हा भपकन पेटतो, आणि हा प्रकार दिवसभर चालू राहतो. कासव पुढचे पाय पसरून, मान लांबवून निवांत ऊन खात बसलेले असे. दिवा विझताच मान आत जाई आणि उजेड परतल्यावरही ती बराच वेळ बाहेर येत नसे. विक्रेत्याला कळवले, तर ‘हे सामान्य आहे’ एवढेच उत्तर आले. पुढे सततच्या उघडझापीने तार तुटून दिवा गेला, तेव्हा दिव्यांना वॉरंटी नसते असे सांगण्यात आले. अखेर मी ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याचा आधार घेऊन सविस्तर पत्र लिहिले. वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामास ती योग्य असली पाहिजे, आणि पहिल्या सहा महिन्यांत उघडकीस आलेला दोष, विक्रेत्याने उलट सिद्ध केले नाही तर, मुळातच होता असे धरले जाते, हे दोन मुद्दे त्यात मांडल्यावर मात्र दिवा मंद-प्रखर करणारा डिमिंग थर्मोस्टॅट फरकाची रक्कम न मागता घरी आला.

हा नवा थर्मोस्टॅट बारीक गुणगुणतो, आणि शांत खोलीत ते जाणवते. त्या वेळी अभिप्राय लिहिला असता तर संपूर्ण संचाला दोन तारे दिले असते. हिवाळा पार पडल्यानंतर मत बदलले आहे: दिवा एकसारखा जळतो, त्यावर बसवलेला दुसरा दिवा अजून टिकून आहे आणि कासव पूर्वीसारखे मध्येच मान आत ओढत नाही, म्हणून आता चार तारे देईन.

पाचवा तारा मी एका रबरी सक्शन कपासाठी राखून ठेवला आहे. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान टिपणारे वायरीचे टोक, जागेवर धरून ठेवण्यासाठी कंपनीने जो कप दिला आहे, तो काचेच्या पेटीला चिकटतही असेल; पण हा संच लाकडी टेबलासाठी म्हणून विकला जातो आणि लाकडाला तो मुळीच धरत नाही. घोडे पेंड खाते ते इथेच. दीडशे पौंडांची यंत्रणा ज्या प्रोबच्या सांगण्यावरून चालते, तो प्रोब काही पेन्सच्या रबरावर लोंबकळत असतो. हॉर्सफील्ड हे बीळ खणणारे कासव आहे. खाली पडलेला प्रोब त्याने एकदा मातीआड केला, थर्मोस्टॅटला गार मातीचे 22 अंश दिसत राहिले आणि थंडी समजून तो दिव्याला पूर्ण वीज देत बसला. इन्फ्रारेड तापमापक रोखला, तर दिव्याखालचा पाटीचा दगड 47 अंशांवर पोचला होता; कासव स्वतःच सावलीला गेले म्हणून निभावले. तक्रार केल्यावर विक्रेत्याने पाकिटातून आणखी दोन कप पाठवले! ते स्वयंपाकघरातील टाइलवर उत्तम चिकटतात. प्रोब आता वायर बसवण्याच्या खिळेवाल्या प्लास्टिक क्लिपने, शेकण्याच्या जागेलगत, कवचाच्या उंचीवर पक्का केला आहे आणि दिव्याची उंची अशी ठेवली आहे की पूर्ण ताकदीने जळला तरी खालचा दगड चाळिशी ओलांडत नाही. वास्तविक ही सूचना पत्रकाच्या पहिल्याच पानावर असायला हवी होती.

ट्यूबबद्दल मात्र तक्रार नाही. लीड्ससारख्या उत्तरेकडील शहरात ऑक्टोबर ते मार्च या काळात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतकी यूव्हीबी किरणे मिळत नाहीत; एनएचएस ही इथली सरकारी आरोग्यसेवा माणसांनाही थंडीत रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. खिडकीची काच ही किरणे अडवते, त्यामुळे कासवाला खिडकीत ठेवून उपयोग नाही, आणि ड-3 अभावी कॅल्शियम अंगी न लागता कवच मऊ पडते. एका मित्राकडून उसन्या आणलेल्या सोलरमीटर 6.5 या यूव्ही मापकाने मोजले, तेव्हा ट्यूबखाली 35 सेंटिमीटरवर यूव्ही निर्देशांक साडेतीनच्या आसपास भरला. या जातीला शेकण्याच्या जागी साधारण 3 ते 4 अपेक्षित असतो. ट्यूब जाळीवर न ठेवता थेट टेबलावर टांगावी, कारण जाळी किरणांचा बराच भाग खाऊन टाकते.

रात्रीसाठी सिरॅमिक हीटरही घ्या, असा विक्रेत्याचा आग्रह होता. तो मी मानला नाही. हे कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या गवताळ प्रदेशातले कासव आहे, तिथल्या रात्री थंडच असतात, आणि आमची खोली पहाटेही 15 अंशांखाली जात नाही. सप्टेंबर 1968 मध्ये सोव्हिएत झोंड-5 यानातून याच जातीची दोन कासवे चंद्राला वळसा घालून हिंदी महासागरात जिवंत उतरली होती. तेव्हा लीड्समधील दिवाणखान्यात त्यांच्या भाऊबंदाला रात्री हुडहुडी भरेल, हे मला पटले नाही.

पुण्याहून मेहुण्यांनी हाच संच स्टार कासवाला चालेल का, असे विचारले होते. भारतीय स्टार कासवाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि ते घरी पाळणे हा गुन्हा आहे, त्यामुळे दिव्यांचा प्रश्नच उरला नाही.

विजेचा खर्च सोसण्याजोगा आहे. युनिटला साधारण 26 पेन्स धरले, तर रोज बारा तास चालणारी ट्यूब सुमारे 12 पेन्स आणि पूर्ण ताकदीने जळणारा दिवा 31 पेन्स खातो. डिमिंगमुळे दिव्याचा आकडा प्रत्यक्षात बराच कमी येतो. खिशाला खरी झळ ट्यूबची बसते. ती डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिची यूव्हीबी हळूहळू घटते, म्हणून वर्षाने बदला, असे कंपनी सांगते. येत्या सप्टेंबरात मी मीटर पुन्हा उसना आणणार आहे; निर्देशांक 3 च्या खाली गेला असेल तरच नवी ट्यूब मागवीन, आणि तीही दुसऱ्या दुकानातून.