काळा 'स्टार नीलम' घेताना आमची झालेली फसवणूक

नाशिककरांनो, सिंहस्थ तोंडावर आलाय. पंचवटीतले लॉज पुन्हा भरतील आणि एखाद्या खोलीत कुणीतरी रत्नांची पेटी उघडून बसेल. म्हणून हे आत्ताच लिहितेय.

२०२३ च्या पावसाळ्यात ह्यांची अंबड एमआयडीसीतली नोकरी गेली. ह्यांची रास कुंभ, साडेसाती चालू. नस्तनपूरला जाऊन शनिदेवाला तेल वाहून आलो, शनिवार धरले. पण घरातला माणूस रात्र रात्र गॅलरीत उभा राहिलेला बघवत नाही हो. अशात ओळखीच्या एका बाईंनी लॉजवर खोली घेऊन रत्नं विकणाऱ्या एका गृहस्थाचा नंबर दिला.

बोलायला अगदी मऊ. "नीलम लगेच घालायचा नसतो वहिनी, तीन रात्री उशाखाली ठेवा, मानवला तरच घ्या," असं तो आपणहून म्हणाला आणि पाच हजार अनामत ठेवून खडा घरी नेऊ दिला. फसवणारा माणूस माल असा हातात देईल का, असं आम्हाला वाटलं. तिसऱ्या दिवशी ह्यांना एका मुलाखतीचा फोन आला. झालं! महिनाभर जागोजागी अर्ज टाकलेले होते, फोन कधीतरी येणारच होता, पण त्या वेळी तसा विचार कोण करतो? माझी एक बांगडी मोडली आणि उरलेले सव्वीस हजार नेऊन दिले. एकूण ३१,००० रुपये. नऊ रत्तींचा खडा, पंचधातूची अंगठी.

खडा सुंदर होता, हे आजही सांगते. काळा कुळकुळीत, वरून घुमटासारखा. त्याने खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च वर धरला, तसा खड्यावर पांढरा तारा उमटला. टॉर्च सरकवला की ताराही सरकायचा. माझ्या अंगावर काटा आला. तो म्हणाला, "ह्याला ब्लॅक स्टार ऑफ इंडिया म्हणतात. ह्याचाच मोठा भाऊ न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये आहे." घरी मुलीने मोबाइलवर शोधलं, तर स्टार ऑफ इंडिया नावाचा नीलम खरोखरच तिथे आहे. ५६३ कॅरटचा, १९६४ मध्ये चोरीला गेलेला आणि पुढच्या वर्षी मायामीच्या एका बसस्थानकातल्या लॉकरमध्ये सापडलेला. गोष्ट खरी निघाली म्हणून खडाही खरा धरला. न्यूयॉर्कचा तो नीलम निळसर करडा, श्रीलंकेतला आणि सहा किरणांचा आहे. आमच्या खड्यावर किरण किती, हे मोजायचं कुणाला सुचलं नाही.

दर शुक्रवारी रात्री खडा खडेमिठात ठेवायचा आणि शनिवारी सकाळी भस्म लावून चोळायचा, असं त्याने सांगितलं होतं. ते मी नेमाने केलं. चारेक महिन्यांत खड्याचा तुकतुकीतपणा गेला, धूर बसल्यासारखा दिसायला लागला, तारा पुसट झाला. फोन केला तर म्हणाला, "खड्याने तुमची पीडा अंगावर घेतली. आता मोठा लागेल." आणि मी, नोकरी अजून लागलेली नसताना, मोठ्या खड्यासाठी आणखी पाच हजार पाठवले. ह्यांना न सांगता. त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

अंगठीची एक पकड सैल झाली होती, म्हणून सराफ बाजारात आमच्या नेहमीच्या कारागिराकडे गेले. त्यांनी अंगठी दाराशी उन्हात धरली आणि विचारलं, "ताई, किरण मोजलेत का?" मोजले. चार. ते म्हणाले, "नीलमचे सहा असतात, एखाद्यात बारा. चार नाही यायचे." मग पंचधातूत लोखंड असू शकतं म्हणून त्यांनी आधी खडा काढला, गुळगुळीत कागदावर ठेवला आणि सोन्याच्या किसातलं लोखंड वेचायचं लोहचुंबक जवळ नेलं. खडा कागदावरून सरकत गेला आणि टक्कन चिकटला. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

रत्नतपासणीच्या लॅबचा रिपोर्ट आला, स्टार डायॉपसाइड. दक्षिण भारतात मिळणारा हा दगड, आणि ब्लॅक स्टार ऑफ इंडिया हे व्यापारी नावही त्याचंच. आत मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या बारीक सुया असतात, म्हणून तो चुंबकाकडे ओढला जातो. त्या सुया दोन दिशांनी पसरलेल्या असतात, म्हणून प्रकाशाच्या दोनच रेघा एकमेकींना छेदतात आणि चार किरण दिसतात. नीलममध्ये रुटाइल किंवा हेमॅटाइट या खनिजांच्या सुया तीन दिशांनी असतात, तिथे सहा होतात. खडा काळवंडला त्याचंही कारण कळलं. नीलमचा कठीणपणा दहापैकी ९, डायॉपसाइडचा ६ च्या आसपास, आणि वाळूचा कण ७. भस्मातली कचकच मीच चार महिने त्यावर घासत होते. खरा स्टार नीलम असता तर कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरलं असतं.

त्याने दिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड पुन्हा वाचलं. 'नॅचरल ब्लॅक स्टार.' बस्स. दगड नैसर्गिकच होता, तारा खरा होता, नावही खोटं नव्हतं. नीलम हा शब्द त्याने फक्त तोंडाने उच्चारला होता, कार्डावर कुठेच नाही. पावती कच्ची, तिच्यावर नुसतं 'खडा १ नग'. वजनही रत्तीत. कॅरट जगभर २०० मिलिग्रॅमच, पण रत्ती कच्ची वेगळी, पक्की वेगळी. कारागीर म्हणाले, असा खडा फार तर हजारभराचा.

लॉजवर गेले तर खोली केव्हाच सोडलेली, फोन बंद. ह्यांना सगळं सांगितलं, ते काहीच बोलले नाहीत, नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तुमच्याकडे असा काळा ताऱ्याचा खडा असेल, तर आज दुपारी उन्हात न्या आणि किरण मोजा. ट्यूबलाइटखाली तारा नीट दिसत नाही, एकच दिवा किंवा ऊन लागतं. घेणार असाल तर पक्क्या बिलावर रत्नाचं नाव, कॅरटमधलं वजन आणि पूर्ण पत्ता लिहून मागा. लॅब तुम्ही निवडा, पैसे रिपोर्ट आल्यावर द्या. आणि फसलाच असाल तर लाजून गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. मी लाजेपायी कुठे तक्रारच केली नाही, आणि त्यात माझी मुदत निघून गेली.