दुर्बीण बसवलेल्या जुन्या माउझरची सेफ्टी
माउझर ९८ या जर्मन रायफलीवर बेतून कारागिरांनी घडवलेल्या जुन्या शिकारी रायफली देखण्या असतात, परंतु त्यांची खरी पारख सेफ्टीवरूनच, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणाऱ्या खटक्यावरूनच करावी. मूळ पंखासारखी सेफ्टी फायरिंग पिनच (काडतुसावर आघात करणारी सुई) मागे खेचून अडवते, म्हणून ती अत्यंत भरवशाची आहे. मात्र ती वर उभी राहत असल्याने रायफलीलगत कमी उंचीवर बसवलेल्या दुर्बिणीला अडते. त्यावर अनेकांनी ट्रिगरला जोडलेली सेफ्टी बसवली, जी बहुधा केवळ ट्रिगर रोखते, पिन नव्हे, आणि हे मला अपुरे वाटते. विंचेस्टर मॉडेल ७० या अमेरिकन रायफलीच्या धर्तीची, आडवी फिरणारी तीन स्थितींची सेफ्टी मी निःसंकोच सुचवीन, कारण तिच्या मधल्या स्थितीत पिन अडवलेली असतानाच बोल्ट (नळीचा मागचा भाग बंद करणारा सरकता दांडा) उघडून काडतूस काढता येते. तिची जुळणी मात्र जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी.