व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्तीची) पेन्शन काढायची एक्सेल शीट, दिवाळीपासून वापरून पाहिली

तालुक्याच्या ग्रुपवर फिरते तीच शीट, हिरव्या रकान्यात आपण भरायचं आन् पिवळ्यात उत्तर येते. मी कृषी खात्यात, नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला म्हणजे जुन्या पेन्शनवाला, सेवा २४ वर्षं, आन् घरची कपाशी-तूर पाहायला कोणी नाही म्हणून ५८ पर्यंत थांबावं का नाही हा विचार चालू आहे. वेचणीच्या दिवसात रोज रात्री आकडे टाकत बसायचो, बायको म्हणे झोपा आता, पेन्शन काही रात्रीतून वाढत नाही.

मूळ हिशोब एकदम बरोबर येते. शेवटचं मूळ वेतन ५८,६०० टाकलं की २९,३००, सरळ निम्मं. आमच्या ऑफिसातले जुने बाबू अजून पूर्ण पेन्शनले ३३ वर्षं सेवा लागते हाच जुना पाढा म्हणतात, २४ भागिले ३३ करून २१,३०९ वर आणून ठेवतात आन् माणूस घाबरून अर्ज खिशातच ठेवते. अरे बाप्पा, सहाव्या वेतन आयोगानंतर ते गेलं, २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाते ती) सेवा झाली की पूर्ण पेन्शन, फक्त तीन महिन्यांची नोटीस द्या.

खरा घोळ पेन्शन विकण्यात आहे, म्हणजे महिन्याच्या पेन्शनचा काही हिस्सा सोडून त्याचे पैसे एकदम घेण्यात. ४० टक्के विकली तर ११,७२० कटतात, उरतात १७,५८०, इथपर्यंत ठीक. पण एकरकमी काढताना शीट गुणक (वर्षभराच्या कटलेल्या रकमेले ज्यानं गुणतात तो आकडा) ८.३७१ धरते आन् ११ लाख ७७ हजार दाखवते, तो गुणक ५८ ला रिटायर होणाऱ्याचा आहे राजेहो, पुढच्या वाढदिवसाचं वय ५९ धरून. लवकर जाणाऱ्याचं वय कमी म्हणून गुणक मोठा, म्हणजे रक्कम याच्याहून जास्तच निघते. आन् कटलेले ११,७२० पंधरा वर्षांनी परत सुरू होतात हे तर शीटमध्ये कुठंच नाही.

महागाई भत्ताही चुकवते. तो विकायच्या आधीच्या पूर्ण पेन्शनवर मिळते, शीट उरलेल्यावर लावते. ५० टक्के भत्ता धरला तर १४,६५० च्या जागी ८,७९० येतात, महिन्याचे ५,८६० गायब! एवढ्यावरच एखादा म्हणन की नाही परवडत, राहू दे.

ग्रॅच्युइटी बरोबर आहे, दर सहामाहीला पाव पगार, माझी १२ पट होते, ३३ वर्षंवाल्याले साडेसोळा.

ज्याची सेवा जेमतेम २० च्या आसपास आहे त्यानं मात्र शीटच्या भरोशावर राहू नये. ते फक्त लागल्याची आन् सोडायची तारीख विचारते. मेडिकल सर्टिफिकेट नसलेली असाधारण, म्हणजे विनावेतन, रजा त्यातून वजा होते, मग १९ वर्षं काही महिने निघाले की अर्जच बाद. आधी सेवापुस्तक काढून पानापानावर रजेच्या नोंदी पाहा, सह्या आहेत का तेही, नाहीतर नागपूरच्या महालेखाकार ऑफिसातून आक्षेप लागून केस परत येते.

पाचपैकी तीन स्टार. बनवणारा भाऊ हे वाचत असन तर गुणकाचा रकाना लॉक आहे तेवढा उघडा कर, आन् विनावेतन रजेसाठी एक रकाना वाढव.