अण्णांच्या पायासाठी मापाचा एएफओ

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर अण्णांचं डावं पाऊल जमिनीला घासायचं. पाऊल वर उचलणारे स्नायूच ऐकत नव्हते. डॉक्टर याला फूट ड्रॉप म्हणतात. मेडिकलमधून आणलेला तयार स्प्लिंट घोट्याला रुतायचा, म्हणून फिजिओथेरपिस्टनी लातूरच्या एका केंद्रात पाठवलं. तिथे पायाला प्लास्टर गुंडाळून साचा घेतला आणि त्यावर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार, बनवून दिला. पाऊल काटकोनात राहतं, त्यामुळे चालताना बोटं अडकत नाहीत. अण्णा आता काठी घेऊन पारापर्यंत जातात. मला तर याचं फार मोल वाटतं.

अडचण आहे ती चपलेची. गावात बारा महिने पायात चप्पल, आणि हा चपलेत बसतच नाही. नुसता घालून फरशीवर चाललं तर सटकतो. वेल्क्रोचे, एक नंबर मोठे, आतला सोल निघेल असे बूट घ्या. घरात वापरायला आम्ही वेगळा स्वच्छ जोड ठेवलाय. पावसाळ्यात काळ्या रानात मात्र अण्णांना जाऊ देत नाही, कितीही रागावले तरी.

आतून लांब सुती मोजा हवाच. त्या पायाला त्यांना टोचलेलंही नीट कळत नाही, म्हणून काढल्यावर रोज कातडी बघते. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर केंद्रात दाखवा. आम्हाला त्यांनी प्लास्टिक तापवून घोट्याजवळ जागा करून दिली, वेगळे पैसे न घेता. पोटरी ताणायचा व्यायाम चालूच ठेवा, तो एएफओ करत नाही.