बाळाचा डिजिटल वजनकाटा: घ्यावा, पण रोज वापरू नये

अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन हळू वाढत असेल, तर घरचा काटा खरंच कामी येतो. घेताना 5 किंवा 10 ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवणाराच बघा. 50 ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅमच वाढतं. होल्ड बटणही हवंच, नाहीतर बाळ हललं की आकडा नाचत राहतो.

काटा गादीवर नको, सपाट फरशीवर ठेवा. आधी दुपटं, मग शून्य, मग उघडं बाळ. आठवड्यातून एकदाच, ठरावीक वेळी. दवाखान्यातल्या आकड्याशी ताडून पाहू नका, दोन काटे क्वचितच जुळतात.

पाजण्याआधी आणि नंतर, लंगोट न बदलता वजन केलं तर पोटात गेलेल्या दुधाचा अंदाज येतो. पण प्रत्येक वेळचं पिणं वेगळं असतं; एका आकड्यावरून वरचं दूध सुरू करणं चुकीचंच. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, किंवा दोन आठवड्यांतही जन्माचं वजन भरून आलं नसेल, तर काटा बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा.